आमच्या ओळखीवर तुमचं टार्गेट नको

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक
(बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की शाखेतली माणसं ओळखू येतील, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही.)

सा. न. वि. वि.

आपल्या कार्यालयाचं पत्रक गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलं. येत्या उन्हाळी सुट्टीत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या आपल्या सगळ्या शाखांत विद्यार्थ्यांना इंटर्नशिप मिळणार हे वाचून आधी आनंदच झाला. इथल्या मुलांना एरवी त्यासाठी मुंबई-पुणं गाठावं लागतं, आणि तिथल्या खोलीचं भाडं कुठून आणायचं यावरच बऱ्याच घरांत विषय संपतो. मग खालचा तक्ता वाचला. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किती बचत खाती आणायची, किती विमा पॉलिसी, किती क्रेडिट कार्डं, किती जणांच्या मोबाइलवर बँकेचं ॲप घालून द्यायचं, याचे आकडे. वर शीर्षक ‘अपेक्षित योगदान’.

गेल्या उन्हाळ्यात मी आपल्याच एका शाखेत होते. तेव्हा हेच सगळं तोंडी सांगितलं जायचं. मला वाटायचं, हे आमच्या शाखेपुरतं असेल, मॅनेजर साहेबांवर वरून दबाव असेल. आता ते छापून, सही-शिक्क्यासह आलंय. म्हणून हे पत्र नुसतं टपालाने न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणलं, चार क्रेडिटचं. एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. माझे ते तास भरले, गुण लागले, प्रमाणपत्र फाइलला आहे. म्हणून मी बोलू शकते. ज्यांचे गुण अजून लागायचे आहेत ते बोलणार नाहीत. हजेरीच्या कागदावर सही शाखेची, शेरा शाखेचा, प्रमाणपत्र शाखेचं. त्या शाखेबद्दल तक्रार करायला विद्यार्थी जाणार कुणाकडे? आमच्या मार्गदर्शक सरांचा एकदा फोन आला होता, “सगळं बरं चाललंय ना?” म्हणून. फोन मी मॅनेजर साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून घेतला. काय उत्तर दिलं असेल ते आपण ओळखालच.

जे चांगलं मिळालं ते आधी सांगते, नाहीतर नुसतं रडगाणं वाटेल. मे महिना म्हणजे आमच्याकडे बँकेचा खरा हंगाम. आंब्याचे पैसे यायला लागलेले असतात, काजू बी विकून झालेली असते, चाकरमानी मुंबईहून आलेले असतात आणि त्यांना सुट्टीच्या चार दिवसांत आईचं पासबुक भरून घ्यायचं असतं, गेलेल्या वडलांच्या खात्याचा दावा लावायचा असतो. त्यात ‘लाडकी बहीण’चे १,५०० आले का बघायला आलेल्या बायका, पीएम किसानवाले, पेन्शनवाले. पासबुक छापायचं मशीन बंद. वळवाची सर आली की लिंक गेली. काउंटरला तीन माणसं. अशा गर्दीतही कॅशियर मॅडमनी मला नोटा मोजायला शिकवल्या, खोटी नोट बोटाला कशी कळते ते दाखवलं. सोनेतारण कर्जाच्या दिवशी सराफ यायचे. कसोटीच्या दगडावर बांगडी घासून त्यावर थेंब सोडला की ते रंगाकडे बघत कॅरेट सांगायचे, आणि मग त्यावर किती कर्ज बसेल याचा हिशोब मला करायला लावायचे. शाखेत बिहारहून आलेले एक तरुण अधिकारी होते. सकाळी आमच्या आधी हजर, रात्री दिवे मालवून जाणारे तेच. मालवणी त्यांना कळत नसे, पण “आजी, बसा” एवढं शिकून घेतलं होतं आणि ते मनापासून म्हणायचे. त्यांच्या टेबलावरचा टार्गेटचा कागद माझ्या कागदापेक्षा कितीतरी मोठा होता.

आता काकींचं सांगते, कारण बाकीचं सगळं त्यातूनच कळतं.

आमच्या वाडीतल्या या काकी साठी उलटलेल्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. थोडी काजूची झाडं, आंब्याची दोन-चार कलमं, आणि मुंबईहून मुलगा पाठवतो ते. मी शाखेत बसते हे कळल्यावर एक दिवस त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बँकेचं पासबुक आणि एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचा लखोटा. पाऊस लागू नये म्हणून पिशवीला वरून सुतळी बांधलेली. म्हणाल्या, “गो बाय, ह्या काय ता वाचून सांग. हप्त्याचो मेसेज इलो हा. मिया तर पैशे ठेवलेलंय, हप्तो कसलो?”

लखोटा फोडलेलाच नव्हता. आत विमा पॉलिसीचं बाड, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजीत. वार्षिक हप्ता, हप्ते भरायची मुदत १० वर्षं. आदल्या उन्हाळ्यात काकी एक लाख रुपये मुदत ठेवीत ठेवायला शाखेत आल्या होत्या. “यात एफडीपेक्षा जास्त मिळतं” म्हणून त्यांची सही घेतली गेली. सही घ्यायला शेजारी कोण बसलं होतं? त्यांच्याच दिराचा नातू. तोही तेव्हा आपल्याकडे प्रशिक्षणार्थी होता. काकींनी बँकेवर विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही, बँकेत त्यांना कोणी ओळखतसुद्धा नाही. त्यांनी घरच्या पोरावर विश्वास ठेवला.

पॉलिसी नको असेल तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, विमा नियामकाचा तसा नियम आहे. पण हे लिहिलेलं होतं त्या लखोट्याच्या आत, इंग्रजीत. काकी तो लखोटा ठेवीची पावती समजून देव्हाऱ्यामागच्या पेटीत जपून ठेवून होत्या. विधवा, वय साठीच्या पुढे, ठरावीक उत्पन्न नाही, अशा बाईला दरवर्षी एक लाखाचा हप्ता १० वर्षं भरायला लावणारी पॉलिसी कुठल्या हिशोबाने योग्य ठरली, हे मी शाखेत विचारलं. उत्तर मिळालं, “सही त्यांचीच आहे.” आणि थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन समजावलं गेलं: आता दुसरा हप्ता भरला नाही तर त्यांचंच नुकसान, तर तू त्यांना तुमच्या भाषेत नीट सांग आणि हप्ता भरून घे.

म्हणजे फसगतीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी मीच दुभाषी. मी ते केलं नाही. काकींना घरी जाऊन मुलाला फोन लावा म्हणून सांगितलं. त्यानंतर माझी बसायची खुर्ची काउंटरच्या आतून बाहेरच्या बाकाशेजारी गेली, स्लिपा भरून द्यायला. तसं ते काम मला आवडायचंही.

या एका प्रकरणावरून सगळं ठरवू नका असं आपण म्हणाल. ठीक आहे, मुद्देसूद लिहिते.

बँकेत विमा विकणाऱ्या माणसाने ठरावीक प्रशिक्षण घेऊन, परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळवलेलं असावं लागतं. विमा नियामकाच्या कॉर्पोरेट एजंटांसाठीच्या २०१५ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. म्युच्युअल फंडालाही परीक्षा आहे. प्रशिक्षणार्थीकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे व्हायचं असं की गिऱ्हाईक गाठायचं आम्ही, पटवायचं आम्ही, आणि फॉर्मवर कोड पडायचा प्रमाणपत्रवाल्या अधिकाऱ्याचा. उद्या चौकशी झाली तर कागदावर आम्ही कुठेच नाही. आणि वाडीत मात्र आम्हीच आहोत. तो दिराचा नातू आता काकींच्या अंगणातून जाताना मान खाली घालून जातो. पोरगं वाईट नाही हो. त्याला चार क्रेडिट हवे होते.

आपल्या पत्रकात ‘स्थानिक संपर्काचा लाभ’ असे शब्द आहेत. हा संपर्क म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला विचारा. कोकणात माणूस परक्या एजंटाला ओसरीवरूनच वाटेला लावतो, पण शेजारच्या पोरीला नाही म्हणताना त्याची जीभ अडते. तिच्या आजीने आपल्या घरच्या बाळंतपणात रात्र काढलेली असते, तिच्या बापाने आपलं कौल बसवून दिलेलं असतं. या भिडेवर क्रेडिट कार्ड खपतं, यात शंका नाही. माझ्यासोबतच्या मुलाने पहिल्याच आठवड्यात आपल्या मामाला, आत्याला आणि शाळेतल्या गुरुजींना कार्डं देऊन टाकली. गुरुजी निवृत्त आहेत. कार्डाची वार्षिक फी कापली गेल्यावर गुरुजी कार्ड बंद कसं करायचं हे विचारत आले, तेव्हा ते काम कोणाच्याच टेबलाचं नव्हतं.

सरकारी विमा योजनांबद्दलही सांगायला हवं. जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या दोन्ही योजना मला खरोखर चांगल्या वाटतात. वर्षाला ४३६ रुपयांत एक, २० रुपयांत दुसरी, प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण. होडीवर जाणाऱ्या खलाशाला याहून स्वस्त विमा कुठे मिळणार? पण आम्हाला सूचना अशी होती की नवीन खात्याच्या फॉर्मवर त्या रकान्यांत टिक करूनच फॉर्म पुढे करायचा, विचारत बसायचं नाही, रांग मोठी आहे. आता ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यालाच ठाऊक नाही, तर माणूस गेल्यावर घरचे दावा करणार कसा? आकडा आपल्या अहवालात चढतो आणि दोन लाख त्या घरापर्यंत पोचत नाहीत. या योजनांचं सगळं सार्थक त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात आहे, आणि तेवढंच काम मालवणीत आम्ही उत्तम करू शकलो असतो.

बंद पडलेल्या खात्यांची यादी मला व्हॉट्सॲपवर पाठवली गेली. नाव, मोबाइल नंबर, खात्यातली शिल्लक. माझ्या स्वतःच्या फोनवर, आणि फोन करायचे तेही माझ्याच रिचार्जमधून. त्या यादीत आमच्या गावातली माणसं होती. कोणाच्या खात्यात किती आहेत हे मला कळायचं काही कारण नव्हतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. शाखा सोडताना ती यादी पुसून टाक असंही कोणी म्हटलं नाही. मी आपणहून पुसली.

गर्दीच्या एका दिवशी अधिकाऱ्याच्या आयडीवर बसून नोंदी कर, असंही मला सांगण्यात आलं. आमच्या पुस्तकात मेकर-चेकरवर आख्खं प्रकरण आहे: नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. मी बसले नाही. यात शौर्य काही नव्हतं, सरळ भीती वाटली. नोंद चुकली असती तर नोकरी त्या अधिकाऱ्याची गेली असती. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक होतं, पण माणूसबळच नाही तिथे तो तरी काय करणार! आपल्या शाखांत माणसं कमी आहेत आणि ती जागा आपण उन्हाळ्यापुरती आमच्याकडून भरून काढता, तेही फुकटात, हे एकदा मोकळेपणाने मान्य करून टाका म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

फुकटात म्हणजे अगदी फुकटात. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून मला परवडलं. माझ्यासोबतचा मुलगा पूर्ण तिकीट काढून यायचा आणि दुपारी वडापाववर भागवायचा. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. आम्ही त्या योजनेतले नाही हे मान्य, पण निदान गाडीभाडं?

आणि हे सगळं चालू असताना जे शिकायला मी आले होते ते राहूनच गेलं. मला पीककर्जाची फाइल पाहायची होती. आमच्याकडच्या बागायतदाराला कर्ज का मिळत नाही हे मी लहानपणापासून घरात ऐकत आलेय. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावं, निम्मे वारस मुंबईत, काही हयात नाहीत, आणि बँकेला सगळ्यांची संमती हवी. वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, राज्याची तशी सवलत आहे. पण सवलत मिळायला आधी कर्ज मिळावं लागतं. कलमांचं कर्ज एकरी की झाडामागे, कर्जदर (म्हणजे कुठल्या पिकाला किती कर्ज द्यायचं तो आकडा) कोण ठरवतं, हवामानावरच्या फळपीक विम्याचा हप्ता कधी कापतात, तारण कधी लागतं आणि कधी नाही, हे एका फाइलवर बसून तासाभरात समजलं असतं. मासेमारांनाही २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड लागू आहे. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. त्या दोन महिन्यांत जाळी, इंजिन, होडीची डागडुजी यांना पैसा लागतो. बंदीच्या तोंडावर एक होडीमालक चौकशीला आले होते. त्यांना “साहेब रजेवर आहेत, नंतर या” म्हणून परत पाठवलं गेलं. आणि त्याच दुपारी मला क्रेडिट कार्डाची पत्रकं वाटायला मासळी बाजारात पाठवलं! कोकणातून ठेवी न्यायच्या आणि कर्ज द्यायची वेळ आली की कागद मागायचे, ही इथल्या बँकांबद्दलची जुनी तक्रार आहे. मी ती म्हाताऱ्यांची कुरकुर समजायचे.

काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक बाई यायच्या. काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागून लागून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. “माझो अंगठो काय लागणा नाय गो,” म्हणत त्या मशीनवर एकेक बोट ठेवून बघायच्या, आधी पदराला पुसून, मग ओलं करून, मग पुन्हा पुसून. लाल दिवा. त्यांच्या खात्याची केवायसी जुनी झाली होती आणि पैसे अडकले होते. अंगठा उठला नाही तर चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून आधारची पडताळणी होऊ शकते, नुसत्या कागदपत्रांवरही केवायसी होते. हे त्यांना कोणीतरी सांगून, फॉर्म भरून घ्यायला हवा होता. मी भरून दिला. त्या दिवशीच्या माझ्या नोंदवहीत ‘व्यवसाय: शून्य’ असं लिहिलं गेलं.

आता मागण्या. लांबवत नाही.

‘अपेक्षित योगदान’ हा तक्ता मागे घ्यावा, आणि तो मागे घेतल्याचं पत्रक त्याच नोटीस बोर्डावर लावावं. प्रशिक्षणार्थीला विमा, क्रेडिट कार्ड, म्युच्युअल फंड यांच्या विक्रीत कोणत्याही रूपाने गुंतवू नये. ‘फक्त ओळख करून दे’, ‘फक्त सोबत बस’ हेही त्यात धरावं. प्रमाणपत्र आणि शेरा हजेरीवर आणि शिकण्याच्या नोंदवहीवर द्यावा, आणलेल्या व्यवसायावर नाही.

२०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणार्थींमार्फत ज्यांना पॉलिसी आणि कार्डं दिली गेली त्यांची यादी आपल्या शाखांकडे असणारच, कारण आमच्या नावापुढे रोज आकडे मांडले जात होते. त्या प्रत्येकाला आपल्या अधिकाऱ्याने मराठीत विचारावं: तुम्ही काय घेतलंय हे तुम्हाला ठाऊक आहे का, ते हवं आहे का? नको असेल आणि सांगून-समजावून दिलेलं नसेल तर भरलेले पैसे परत करावेत. ही मागणी मला बाकी सगळ्यांहून महत्त्वाची वाटते. इतर गोष्टींवर चर्चा होऊ शकते, हिच्यावर नाही.

ग्राहकांची माहिती आमच्या खासगी फोनवर पाठवू नये आणि आम्हाला कोणाच्या आयडीवर बसवू नये. हे सांगावं लागणं हेच जरा विचित्र आहे.

फॉर्म, स्लिपा, पासबुक इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत हवं, ही रिझर्व्ह बँकेची सूचना जुनीच आहे. आमच्या शाखेत मराठी फॉर्मचा गठ्ठा होता, कपाटाच्या वर. तो खाली काढावा. पॉलिसीचा सारांशही एका पानावर मराठीत द्यावा आणि वाचून दाखवून मगच सही घ्यावी.

आणि आमच्याकडून काम करून घ्यायचंच असेल तर हे घ्या. २०१४-१५ मध्ये उघडलेल्या जनधन खात्यांची केवायसी १० वर्षांनी पुन्हा करावी लागते, त्यासाठी १ जुलै २०२५ पासून ग्रामपंचायतींत शिबिरं झाली. तशा शिबिरांत आम्हाला बसवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, हे आमच्या वाड्यांमधून किती जणांना ठाऊक आहे? १० वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि ‘उद्गम’ पोर्टलवर त्या शोधता येतात. इथे घरटी एक माणूस मुंबईत राहून गेलेला असतो आणि त्याचं एखादं विसरलेलं खातं गिरगाव-परळकडच्या शाखेत निघू शकतं. आम्ही शोधून देऊ. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय, आपला कर्मचारी येणार असेल तर वाट दाखवायला आणि बोलायला आम्ही सोबत जाऊ. एका पीककर्जाच्या फाइलवर अर्जापासून मंजुरीपर्यंत एका विद्यार्थ्याला बसू द्या. एवढं केलंत तर गाडीभाड्याची गोष्ट मीच मागे घेईन. नको, ती राहू दे. वडापाववाल्या त्या मुलासाठी राहू दे.

कॉलेजच्या प्राचार्यांनाही दोन शब्द, कारण पत्रक त्यांच्या सहीने लागलंय. सर, बँकेशी करार करण्याआधी तो तक्ता आपण वाचला होता का? चार क्रेडिट विद्यापीठाचे आहेत, बँकेचे नाहीत. मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रशिक्षणाच्या काळात एकदा तरी शाखेत यावं आणि विद्यार्थ्याशी बाहेर, चहाच्या टपरीवर बोलावं. शाखेबद्दलची तक्रार कॉलेजात कुणाकडे द्यायची ते नाव पत्रकातच छापावं.

काकींचा मुलगा शिमग्याला आला होता. त्याने पॉलिसीचे कागद वाचले आणि आईच्या सहीने लेखी तक्रार शाखेत दिली. अर्ज मराठीत आहे, तारखेची आणि शिक्क्याची पोच आमच्याकडे आहे. बँकेला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा ‘सही त्यांचीच आहे’ एवढंच आलं, तर अर्ज रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि विमा लोकपालाकडे जाईल. दोन्ही मसुदे तयार आहेत. ज्यांच्या घरी असाच न फोडलेला लखोटा असेल त्यांनी तो फोडून आतली पहिली दोन पानं कोणाकडून तरी वाचून घ्यावीत, आणि लागलं तर १४४४८ या रिझर्व्ह बँकेच्या नंबरवर विचारावं. तिथे मराठीत बोलता येतं.

आपली,
एम.कॉम.ची एक विद्यार्थिनी
जि. सिंधुदुर्ग

प्रत माहितीसाठी: कॉलेजचे प्राचार्य, शाखेचे व्यवस्थापक